अर्जातला ‘निरंक’: घरातलं सगळं कर्ज एका पानावर कसं आणायचं

कर्जमागणीच्या अर्जात एक रकाना असतो: ‘इतर बँका व संस्थांचे देणे’. पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत मी अठरा वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा वाचलेला शब्द म्हणजे ‘निरंक’. लिहिणारा दरवेळी खोटं बोलत असायचा असं नाही. कार्डावरची थकबाकी त्याला कर्ज वाटायची नाही. बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्यात, हे देणं वाटायचं नाही. मेहुण्याकडून घेतलेले तीस हजार तर काय, घरातलेच. मी स्वतःसुद्धा एकदा त्या रकान्यात निरंक लिहिलंय, खिशातल्या कार्डावर चाळीस हजार थकलेले असताना.

पगार येतो, पाच-सात तारखेपर्यंत हप्ते जातात आणि वीस तारखेला घरात कोणीतरी विचारतं, “पैसे गेले कुठे?” अशा घरांसाठी हे लिहितोय. नोकरीला नुकती लागलेली मुलं, नवं लग्न झालेली जोडपी आणि पन्नाशीत पहिल्यांदा वही उघडणारे, या कामात सगळे सारखेच नवखे.

पायरी 1: बसायला दोघं हवीत

रविवारची सकाळ धरा. नवरा-बायको दोघांनी बसायचं, कमावती मुलं असतील तर त्यांनीही. थकबाकीची नोटीस हातात घेऊन बाई ऑफिसात यायची आणि काउंटरवर विचारायची, “ही सही ह्यांचीच आहे का हो?” असं मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय. तिला कळेपर्यंत दोन वर्षांचं व्याज चढलेलं असायचं. घरात लपवलेलं कर्ज बाहेरच्या कर्जापेक्षा महाग पडतं, कारण ते फेडायला एकच माणूस झटत असतो आणि तोही चोरून.

बसण्याआधी एक अट ठरवून टाका: आज कोणी कोणाला “मी तेव्हाच सांगितलं होतं” म्हणायचं नाही. भांडण पुढच्या रविवारी.

टेबलावर हवं ते असं: छापून आणलेली पासबुकं, कार्डाची तीन महिन्यांची स्टेटमेंट, सोनेतारणाची पावती, पतसंस्थेचा खातेउतारा, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, विम्याच्या पावत्या, किराणा दुकानातलं खातं. पगाराची स्लिप नीट वाचा. संस्थेची कपात परस्पर होत असल्यामुळे ती कित्येकांच्या हिशेबातच नसते.

शिवाय क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या देशात ही माहिती ठेवतात, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा, मधल्या कोणाला पैसे देऊ नका. लोक स्कोअर बघतात आणि बंद करतात. स्कोअर 300 ते 900 मध्ये काहीही असो, खालची खात्यांची यादी वाचा. आपण विसरलेला फ्रिजचा हप्ता, बंद झालं असं समजलेलं कार्ड, आणि ज्याला आपण जामीन आहोत त्याचं कर्जही तिथे निघू शकतं.

पायरी 2: एकच पान

कोरं पान आडवं धरा. रकाने पाडा: कोणाचं देणं, बाकी मुद्दल, व्याजदर, महिन्याचा हप्ता, शेवटची तारीख, तारण किंवा जामीन काय. मोबाइलमधली शीट चालते, पण मी कागदच सुचवीन. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येतो.

या पानावर यायला हवीत आणि हमखास सुटतात अशी देणी बरीच आहेत. त्यातलं माझ्या मते सगळ्यात फसवं देणं म्हणजे उचललेली भिशी. वीस जणांची दोन-दोन हजारांची भिशी नवव्या महिन्यात तुम्हाला लागली, चाळीस हजार घरात आले, आनंद झाला. आता पुढचे अकरा महिने तुम्ही जे दोन हजार भरणार आहात ती बचत नाही, तो हप्ता आहे. 22,000 रुपये देणं म्हणून लिहा. तसंच विमा पॉलिसीवर काढलेलं कर्ज, शाळेच्या फीचे हप्ते, ‘आता घ्या, नंतर द्या’वाल्या ॲपवरची उधारी, गावाकडे भावाने दोघांच्या नावावर काढलेलं पीककर्ज. हातउसने पैसेही लिहायचे. व्याज शून्य आणि तारीख मोकळी असली तरी तो आकडा मेहुण्याला पाठ असतो.

नमुन्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. हातात येणारा पगार 46,000. पानावर असं उतरलं:

क्रेडिट कार्ड: बाकी 40,000, महिना साडेतीन टक्के, किमान भरणा 2,000.
फ्रिज: बाकी 12,000, हप्ता 2,000, सहा राहिले.
पतसंस्था: बाकी 1,80,000, वार्षिक 12 टक्के, कपात 5,400, दोन जामीन.
सोनेतारण: 75,000, वार्षिक 10 टक्के, मुदत आठ महिन्यांनी.
मोबाइल ॲप: घेतले 8,000, भरायचे 2,300 चे चार हप्ते.
भिशी: 22,000, हप्ता 2,000.
मेहुणा: 30,000.

बेरीज 3,67,000. हे घर आधी “आमचं एक संस्थेचं कर्ज आहे, बाकी काही नाही” असं सांगायचं.

महिन्याचे हप्ते 13,700 होतात. पगाराच्या तीस टक्के, म्हणजे कागदावर बरं दिसतं. पण सोनेतारणाकडे परत बघा. त्याला मासिक हप्ता नाही म्हणून ते गप्प बसलेलं आहे. आठ महिन्यांनी वर्षाच्या व्याजासकट 82,500 एकदम द्यायचे आहेत. त्यासाठी आजपासून बाजूला टाकायचं म्हटलं तर महिन्याला 10,300 लागतील. ते धरले की खरा बोजा 24,000, पगाराच्या निम्म्याहून जास्त. म्हणूनच बहुतेक घरं मुदत आली की व्याज भरतात आणि नवं-जुनं करतात. मुद्दल तसंच राहतं, पाटल्या तिथेच राहतात. सहा-सात वर्षं नवं-जुनं केलेली खाती मी पाहिली आहेत. एवढ्या वर्षांच्या व्याजात मुद्दलाचा मोठा हिस्सा फिटला असता.

पायरी 3: सगळे दर एका भाषेत आणा

इथे जरा थांबायला हवं, कारण इथेच डोळे उघडतात.

आपल्याकडे व्याज तीन भाषांत बोललं जातं. बँक वर्षाचा दर सांगते. गावातला सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, म्हणजे शंभराला महिन्याला तीन, वर्षाचे छत्तीस. दुकानातला फायनान्सवाला दर सांगतच नाही, नुसता हप्ता सांगतो. तीन भाषांतले आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही, म्हणून सगळे वर्षाच्या, घटत्या बाकीवरच्या दरात आणायचे.

घटत्या बाकीवर म्हणजे काय? दोन वर्षांसाठी एक लाख घेतले, दर ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’. दोन वर्षांचं व्याज 24,000, एकूण 1,24,000, भागिले 24, हप्ता 5,167. ऐकायला स्वस्त. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागलेलं असतं. घटत्या बाकीवर मांडलं तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. ‘फ्लॅट’ हा शब्द ऐकू आला की दर दुपटीच्या जरा आत धरून चालावं, हा माझा टेबलावरचा ठोकताळा.

नमुन्यातल्या घराचं ॲपचं कर्ज असंच मोजा. आठ हजार घेऊन चार महिन्यांत 9,200 भरायचे. “बाराशे तर जास्त” असं वाटतं. दर काढला तर महिन्याला जवळजवळ सहा टक्के, वर्षाला सत्तरच्या आसपास.

आता कार्ड. 40,000 थकलेत, महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,400. त्यावर 18 टक्के जीएसटी 252. झाले 1,652. बँक किमान रक्कम सांगते ती साधारण थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे 2,000. तुम्ही ते भरले, मेसेज आला, ‘धन्यवाद’. मुद्दलात गेले 348 रुपये. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्या महिन्यातलं पेट्रोल आणि भाजीसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजावर. बँकेगणिक आकडे थोडे हलतील, गोष्ट तीच.

सावकाराचं नाव काढलं की आपण कानाला हात लावतो. कार्डाचा दर सावकाराच्या भाषेत सांगितला तर तो शेकडा साडेतीन आहे, जीएसटी धरून चाराच्या वर. पूर्वी ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. तेव्हा वरून कोणी लगाम घालील या आशेवर राहू नये. महिन्याचं पूर्ण बिल भरणाऱ्याला कार्ड चांगलं आहे. न भरणाऱ्याला त्याच्याइतकं महाग कर्ज घरात क्वचितच दुसरं असेल.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’? शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत असतं, प्रोसेसिंग फीमध्ये असतं किंवा रोखीवर मिळणारी सूट काढून घेतलेली असते. दुकानात एकच प्रश्न विचारा: “आत्ता रोख दिले तर केवढ्याला द्याल?” दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज.

पायरी 4: खर्चाचे खड्डे शोधा

एक महिना खर्च लिहा असं सगळेच सांगतात. लिहा. पण चहा बंद करून कर्ज फिटल्याचं एकही उदाहरण माझ्या टेबलावर आलं नाही. माणसं अडकली ती तीन-चार मोठ्या निर्णयांत: ऐपतीपेक्षा एक नंबर मोठी गाडी, लग्नातला वाढीव मांडव, घराचं डाउन पेमेंट वैयक्तिक कर्जातून. आणि दुसरं, दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या पण दरवर्षी ‘अचानक आल्या’सारख्या वाटणाऱ्या खर्चांत.

जूनमध्ये शाळा उघडणार हे जानेवारीत माहीत असतं. गाडीचा विमा, दिवाळी, गौरी-गणपतीला गावी जाणं, जत्रा, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर. या सगळ्यांची यादी करा, वर्षाचा आकडा काढा, बाराने भागा. बहुतेक घरांत ही रक्कम पगाराच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढी निघते आणि ती नसते म्हणूनच कार्ड घासलं जातं. तेवढ्या रकमेची आरडी पोस्टात किंवा बँकेत पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी लावून टाका. कर्ज डोक्यावर असताना बचत कशाला, असं विचारतात. कारण जूनमध्ये पुन्हा कार्ड घासायची वेळ येऊ नये.

आहेराचं काय? “लोक काय म्हणतील” हा खर्च कुठल्याच वहीत बसत नाही. आमच्या घरात आम्ही एक केलं, जवळच्या पाच घरांना ठरलेला आहेर आणि बाकी सगळीकडे एकच ठरावीक रकमेचं पाकीट. दोन लग्नांत कुजबुज झाली. तिसऱ्यापासून सवय झाली, त्यांनाही आणि आम्हालाही.

पायरी 5: आधी कोणाचं फेडायचं

आकड्यांचं उत्तर सोपं आहे: ज्याचा दर सगळ्यात जास्त ते आधी. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि जास्तीचा प्रत्येक रुपया त्या एकावर टाकायचा. नमुन्यातल्या घरात आधी ॲप, मग कार्ड, मग संस्था आणि सोनं.

कार्डावर महिन्याला 2,000 ऐवजी 5,000 टाकले तर? जीएसटीसकट व्याज धरूनही ते दहाव्या महिन्यात संपतं, अर्थात मधे नवी खरेदी केली नाही तर. आणि एक नियम पाळा: संपलेला हप्ता घरखर्चात येऊ द्यायचा नाही. चार महिन्यांनी ॲपचे 2,300 मोकळे होतील, सहा महिन्यांनी फ्रिजचे 2,000. ते त्याच दिवशी पुढच्या देण्याला जोडा. एकदा का मोकळा हप्ता घरात शिरला की महिन्याभरात त्याच्या जागी नवा टीव्ही येतो.

महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडणं शहाणपणाचं आहे. मुदत ठेवीवर कर्ज घेतलं तर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं. पीपीएफ खातं असेल तर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर एक टक्का जादा दराने कर्ज मिळतं. चाळीस हजारांवर कार्डाला महिन्याला 1,652 जातात, तेच दहा टक्क्यांच्या सोनेतारणावर 333. पण या वाटेवर मी माणसं घसरताना पाहिली आहेत. कार्ड फेडायचं म्हणून आमच्याकडून कर्ज घ्यायचे, कार्ड रिकामं व्हायचं, आणि वर्षाने तेच सभासद परत: आता कार्डही भरलेलं आणि आमचं कर्जही डोक्यावर. म्हणून ज्या आठवड्यात बदली कर्ज घ्याल त्याच आठवड्यात कार्ड बंद करा, निदान त्याची मर्यादा पंधरा हजारांवर आणा. हे जमणार नसेल तर बदली कर्ज घेऊ नका.

मेहुण्याचं शेवटी ठेवलं तर दर शून्य म्हणून हिशेब बरोबर आहे, नात्याच्या हिशेबात चूक. त्याला जाऊन सांगा, “अमुक महिन्यापासून तीन-तीन हजार देतो,” आणि पहिला हप्ता त्या दिवशी हातात ठेवा. तारीख कळली की माणूस थांबतो.

पायरी 6: हप्ता चुकणार असं दिसलं तर

चुकण्याआधी जा. हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतोय. आजारपण, नोकरी गेली, पगार लांबला, काहीही असो, लेखी अर्ज घेऊन आधी येणारा आणि तीन हप्ते थकल्यावर फोन बंद करून बसणारा, या दोघांसाठी व्यवस्थापकाचा सूर वेगळा असतो. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, काही काळ नुसतं व्याज भरायची सोय होऊ शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या.

खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर दंड दोन्हीकडून लागतो, कर्ज देणाऱ्याचा वेगळा आणि तुमच्या बँकेचा वेगळा. हप्त्यांच्या तारखा पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत आणून घ्या, अर्ज केला की बहुतेक ठिकाणी बदलून देतात.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर तमाशा, नातेवाइकांना फोन यांना बंदी आहे. बँक किंवा फायनान्स कंपनीविरुद्ध आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याकडे, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

ॲप आणि सावकार

ॲपबद्दल थोडक्यात. 2022 पासूनच्या नियमांनुसार कर्जाचे पैसे थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवेत, कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण ते स्पष्ट लिहिलेलं हवं आणि ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क व फोटो बघायचा अधिकार नाही. संपर्क मागणारं ॲप लगेच काढून टाका. फोटो बिघडवून धमकावत असतील तर पैसे भरत बसू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा आणि पोलिसांत लेखी द्या.

सावकाराचं प्रकरण जुनं. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा सगळा रोख दस्तऐवजांवर होता. खतं, रोखे मिळवायचे आणि जाळायचे. पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात सावकाराने कर्जदाराला पावती आणि हिशेब द्यावा हीही तरतूद होती. दीडशे वर्षांनंतरही भांडण कागदाचंच आहे.

आज महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा लागू आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18. मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला घेता येत नाही, आपली जुनी दामदुप्पट ती हीच. शेकडा तीन, शेकडा पाच हे परवान्यातही बसत नाही. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल आणि व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असतं.

जामीन राहताना

“नुसती सही तर करायचीय” या वाक्याने आमच्याकडे जितकी घरं अडकली तितकी स्वतःच्या कर्जाने अडकली नसतील. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्या मागे लागा, त्याच्याकडून नाही मिळालं तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळतो आणि त्यात कर्जदार आणि जामीनदार यांची नावं शेजारी-शेजारी असतात. ज्याचा पगार चालू, त्याच्या पगारातून कपात सुरू होते. कर्जदार नोकरी सोडून गेलेला असतो आणि सही करणारा निवृत्तीला दोन वर्षं असताना दुसऱ्याच्या बुलेटचे हप्ते भरत असतो.

एकमेकांना जामीन राहायची पद्धत ऑफिसांत असते, पूर्ण नाही म्हणणं अवघड. मग एवढं तरी करा: कर्ज किती, कशासाठी, आधीचं किती आहे हे अर्जावर वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या अर्जावर तर मुळीच नाही. आणि त्या रकमेचा आकडा आपल्या पानावर वेगळ्या शाईने लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी संस्थेत जाऊन खातं नियमित आहे का विचारा. मित्राला राग येईल, येऊ द्या.

नवं कर्ज घ्यायचंच असेल तर

1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जासोबत एक ‘मुख्य तथ्य विवरण’ द्यायचं असतं, आणि ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत. मराठीत मागा, लाजू नका. त्यात फी, विमा वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर दिलेला असतो. जाहिरातीतला 10.5 आणि या कागदावरचा 13 यांत जो फरक दिसेल तोच तुम्हाला तोंडी सांगायचा राहिलेला असतो. तो कागद घरी आणा, मोठ्याने वाचा. कर्ज देणारा “आजच सही करा, ऑफर संपतेय” म्हणाला तर ऑफर संपू द्या.

फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं समजून लोक पेढे वाटतात आणि कागद तिथेच राहतात. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं लिहिलेला कागद, घ्या. जामीनदारांनाही त्याची एक प्रत द्या. घराचे मूळ दस्त बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तीस दिवसांत परत द्यायला हवेत, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची असा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. दुचाकी-चारचाकी असेल तर ना-हरकत आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. शेतीवर कर्ज असेल तर सातबारा काढून इतर हक्कांचा रकाना बघा, बोजा अजून दिसत असेल तर ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे अर्ज द्या. सोन्याची पिशवी घेताना काउंटरवरच वजन करून पावतीशी ताडून घ्या, घरी येऊन नाही.

थोडी रक्कम सोडून देतो, तडजोड करा, असं बँकेने सुचवलं तर विचार करून हो म्हणा. अहवालात त्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढचं गृहकर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण फेडलेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ असतं. महिन्या-दीड महिन्याने अहवाल पुन्हा काढून तो शब्द स्वतः वाचा. माझ्या कार्डाचं खातं मी फेडल्यानंतरही चार महिने चालू दिसत होतं, तीन मेल आणि एक लेखी तक्रार झाल्यावर बदललं. त्यानंतरच्या अर्जात त्या रकान्यात मी आकडे लिहिले, दोन ओळींत, सोनेतारणाचा आणि मेहुण्याचा.